हळद, नीळ, कुंकू

पोल्लाची, तामिळनाडू
१४ एप्रिल २०२५

दादास,

धाकट्या मल्हारचा नमस्कार. दैवशाला वहिनींना नमस्कार सांग. शिवकन्याला सांग, काकानं नारळाच्या काथ्याचा हत्ती करून ठेवलाय, सोंड तेवढी नीट बसंना. माय अजून कळंबला तुझ्याकडंच असेल, तिच्या पायावर माझ्या वाटचं डोकं ठेव. इकडं मी बरा आहे. खोकला आहे, पण तो काथ्याच्या भुसकटाचा, इथं सगळ्यांनाच असतो. आज इथल्या लोकांचं नवं साल लागलं म्हणून गिरणी बंद आहे. जेवणं झाली. खोलीवरची कामाची पोरं झोपलीत आणि मी खोलीच्या पायरीवर बसून लिहितोय. अक्षराला हसू नको, मास्तर. सातवीनंतर हातात पेन कधी धरलंच न्हाय.

फोनवर तू म्हणालास, 'माझी हरकत न्हाय, एवढं लिहून सही करून पाठव. व्यापारी दोन्ही पोरांचं लेखी मागतोय, आखितीला कळप घेऊन जातो म्हणतोय.' मी बोलायला गेलो तर तू फोन ठेवलास. परत लावला तर उचलला न्हाईस. तर हे घे लेखी. माझी हरकत आहे. आबाची मेंढरं विकायला माझी हरकत आहे, फोनवरचं माझं पान बंद करायला पण हरकत आहे.

पत्र खरं म्हणजे इथं संपलं. पण तू शाळेत शिकवतोस, 'कारण द्या' असा प्रश्न पेपरात घालतोस. म्हणून कारण देतो.

आधी तुझं सांगतो, म्हणजे म्या तुझं ऐकलंच न्हाय असं व्हायला नको. ज्याच्या रानात आपला कळप बसतो त्या हिंमतरावाच्या पुतणीच्या लग्नात, भर पंगतीत हिंमतराव तुला म्हणाला, 'मास्तर, तुमच्या आबाला उन्हात गारा दिसाया लागल्या.' पंगत हसली. तुझ्या शेजारी तुझे हेडमास्तर बसले होते, ते पण हसले. हिंमतरावाचं पण चुकलं न्हाय. पाडवा झाल्यावर मेंढरं कातरून मोकळी केली होती. मग आबानं काय केलं, तर भर उन्हात सगळी उघडी मेंढरं हिंमतरावाच्या गुरांच्या कोठ्यात कोंबली, कोकरांवर ताडपत्री टाकली आणि हिंमतरावाला सांगितलं, 'आज रास करू नका, गारा येत्यात.' आबा बोलला म्हणून हिंमतरावानं दारात आलेलं मळणीयंत्र परत लावून दिलं. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी पण. आभाळात चिमणीएवढा ढग न्हाय. सास्तूरच्या सगळ्या शिवारात ज्वारीच्या राशी झाल्या, एकट्या हिंमतरावाची कणसं झाकून पडली.

म्हणून तू म्हणतोस, आबाचं डोकं फिरलं. वय झालं. परवाच्या साली गारपिटीनं कोकरं मेली, तवापासून म्हाताऱ्यानं धास्ती घेतली. आता माणसाला कळंबला आणावं, दोन वेळचं ऊन ऊन जेवण द्यावं आणि कळपाला मोकळं करावं. तुझ्या बोलण्यात वाईट काय आहे, सांग बरं. काहीच न्हाय. म्हणूनच मला राग आला.

दादा, आबाचं डोकं फिरलेलं न्हाय. आबानं माझ्या पानावर विश्वास ठेवला आणि माझं पान खोटं बोललं.

तू पान उघडून बघितलंस. 'हरिबाचं आभाळ' असं आबाचं नाव त्याच्यावर लावल्याचा तुला राग आला. तुझ्या शाळेतल्या पोरांनी ते मोठ्या पडद्यावर लावलं, सगळा पडदा पिवळा झाला आणि पोरं म्हणाली, 'गुरुजी, हळद सांडली.' तू मला म्हणालास, 'ह्याला ब्लॉग म्हणतात का रे? ना फोटो, ना अक्षर, ना तारीख. फुकटची टेम्प्लेट मिळती, ती पण तुला नीट ठेवता आली न्हाय. आहे ते सगळं काढून टाकलंस.'

व्हय, काढून टाकलं. एकेक काढलं आणि लई मेहनतीनं काढलं. फुकटची टेम्प्लेट लई चांगली होती. वर डोंगराचा फोटो, बाजूला महिन्यांची यादी, खाली 'तुमचं मत लिहा'. मत कोण लिहिणार होतं, मेंढरं?

हे खूळ कुठनं शिरलं ते सांगतो. आमच्या गिरणीत काथ्या उघड्यावर वाळत घालतात. अंगण केवढं, तर आपल्या गावचं बाजारमैदान त्याच्यात दोनदा मावेल. पाऊस आला आणि काथ्या भिजला की दिवस गेला. अंगणावर पार्वतम्मा मुकादम आहे. ती कानडी बोलते म्हणून माझं तिच्याशी जमतं. आपल्या बॉर्डरवरचं मोडकं कानडी मला इतक्या लांब उपयोगी पडंल, असं वाटलं नव्हतं. ती सकाळी फोन बघते आणि म्हणते, 'हासू,' म्हणजे पसरा, न्हायतर 'बेडा,' म्हणजे नको. मी म्हणलं, 'अम्मा, काय बघता?' तिनं दाखवलं. हवामान. पोल्लाचीचं, आत्ताचं आणि सांजेपर्यंतचं. म्या तिथंच उभं राहून सास्तूर टाकून बघितलं. त्याला सास्तूर कळलं न्हाय. धाराशिव टाकलं, ते पण कळलं न्हाय. जिल्ह्याचं जुनं नाव टाकलं तवा कुठं ओळख दाखवली. पण दादा, तुला ठाऊक आहे, जिल्ह्याच्या गावाला पाऊस पडतो तवा आपल्याकडं धुरळा उडत असतो. मग नकाशावर हिंमतरावाच्या विहिरीपाशी बोट ठेवलं, तिथले आकडे उचलले आणि फोनमधल्या हवामानाच्या यंत्राला ते दिले. तवा आपलं शिवार त्यात आलं.

तिथनं पुढं टेम्प्लेट मोडायला घेतली. इंग्रजी मला येत न्हाय. पण तिच्या पोटातलं इंग्रजी वाचायचं नसतंच. एक ओळ काढायची, पान बघायचं. मोडलं तर परत घालायची. असं करत करत फोटो गेला, याद्या गेल्या, अक्षर गेलं. शेवटी राहिला नुसता रंग. सांजेपर्यंत कोरडं असलं तर सगळं पान पिवळं. पाऊस असला तर निळं. वीज, वारा, गारा असल्या तर लाल. आपोआप बदलतं, मी हात लावत न्हाय.

निळ्याला लई दिवस लागले. पहिल्यांदा आकाशी केलं होतं. आबा म्हणाला, 'आज पान कोरं हाय.' म्हणजे त्याला पांढरं वाटलं. मग जरा गडद केलं, तर म्हणाला, 'आता हिरवं का काय ते लावलंस.' शेवटी कपड्याला घालायच्या निळीएवढं गडद केलं, तवा जमलं. मग आबानंच नावं ठेवली. हळद, नीळ, कुंकू. रोज सकाळी मी फोन लावायचो. 'आबा, आज काय?' 'हळद.' लगीच फोन बंद. कळपावरच्या बजरंगनं हे ऐकलं. मेंढरांमागं दुसरं ऐकायला काय असतं त्याला. रोज हळद, एखाद्या दिवशी कुंकू. त्यानं मायला फोन करून विचारलं, 'मल्हारचं जमलं म्हणं, पोरगी तिकडलीच का?' मायनं मला आठवडाभर शिव्या घातल्या. 'मद्राशीन आणशील तर उंबऱ्याच्या बाहेर ठेवीन,' म्हणाली. मी म्हणलं, 'माय, पोरगीच न्हाय.' तर म्हणती, 'मग हळद कुणाला लावाया लागलास?' तिला खरं सांगता येत नव्हतं.

आता चूक कुठं झाली ते ऐक. पाडव्याच्या आसपास ते हवामान देणारं जुनं यंत्र बंद पडलं. म्या नवं बसवलं. बसवताना ते जागा विचारतं. मी घाईत होतो, बाहेर पाऊस सुरू झाला होता, पार्वतम्मा काथ्या उचलायला बोंबलत होती. म्या जागेचे आकडे भरले न्हाईत, नुसतं 'पुढं' दाबलं. त्यानं आपलं मी बसलो होतो तीच जागा धरली. त्या आठवड्यात पोल्लाचीला वळवानं थैमान घातलं. रोज दुपारी विजा, वारा. आमचा काथ्या भिजला, मालक चिडला आणि मी इथं पावसाला शिव्या देत होतो. तोच पाऊस मी आबाला रोज सकाळी पाठवत होतो. कुंकू. कुंकू. कुंकू.

तिसऱ्या दिवशी आबा म्हणाला, 'मल्हार, पान कुंकूच म्हणतंय. पण वाऱ्याला वास न्हाय रे.' तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्या सांगितलं, आबा, हा पाऊस तुमचा न्हाय, माझा हाय. मी वाट बघत होतो की म्हातारा आता आईमाईवरनं काढतो. तो म्हणाला, 'लई पडला का तिकडं? भिजलास का?'

मी विचारलं, 'तुमच्या नाकाला कळत होतं तर ऐकलं का न्हाय नाकाचं?'

'नाक म्हातारं झालं आसंल, म्हणलं. पोराचं पान नवं हाय.'

हिंमतरावाच्या राशीचं म्हणशील, तर त्याला म्या स्वतः फोन करून सांगितलं की आबाचं न्हाय, माझं चुकलं. तो म्हणाला, 'आरं, तुझ्या पानाचं मी कुठं ऐकलं? मी हरिबाचं ऐकलं.' ते पण खरंच.

इथवर वाचून तुझ्या मनात एक प्रश्न आला असंल. आलाच पाहिजे, तू शहाणा आहेस. ज्या माणसाला सगळं शिवार विचारून राशी करतं, ज्यानं आयुष्यभर ढगाचं पोट बघून गारा सांगितल्या, तो डोक्यावर लख्ख आभाळ असताना पोराच्या फोनमधला रंग कशाला बघतोय?

मी हे लिहिणार नव्हतो. आबानं मला त्याच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शब्द घेतलाय. पण तू व्यापाऱ्याला दिवस दिलास, आता शब्द पाळून काय करू.

आबाला दिसत न्हाय, दादा.

अगदीच न्हाय असं न्हाय. उजेड कळतो. जवळ धरलेला रंग कळतो, तो पण मोठा असला तर. माणूस कळतो, पण कोण ते कळत न्हाय. ढग कळत न्हाय. मी दिवाळीत आलो होतो तवा कळपाबरोबर चार दिवस होतो. आबा मला म्हणाला, 'सांग बरं, मावळतीकडनं ढग कुठवर आलाय?' मला वाटलं, म्हातारा परीक्षा घेतोय, लहानपणी घ्यायचा तशी. मी सांगितलं. म्हणाला, 'बराबर.' दुसऱ्या दिवशी परत, 'कुठवर आलाय? पोट काळं का राखाडी?' मी मुद्दाम खोटं सांगितलं, ढग नसताना काळं पोट सांगितलं. तो म्हणाला, 'बराबर,' आणि बजरंगला हाक मारून मेंढरं ओढ्याच्या वर काढायला लावली.

परीक्षा नव्हती ती.

सांजच्याला वाघरात, जाळीच्या आत, मेंढरं घेताना तो प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवतो. लोक म्हणतात, हरिबाची माया बघा. माया आहेच. पण तो मोजतोय. हातानं मोजतोय, दादा.

मी दवाखान्याचं काढलं तर म्हणाला, 'दवाखान्यात पडलो की तुझा दादा बालाजी कळप इकंल. तू तिकडं, मी खाटंवर, आडवायचं कुणी? त्याला सांगू नको.' बजरंगला पण सांगायचं न्हाय. बजरंगला आभाळ म्हणजे वरचं छत, त्याच्या पलीकडं काही ठाऊक न्हाय, आणि त्याला कळलं तर चौकात जाईल. बोलणारं पान पण करता आलं असतं मला, फोननंच सांगितलं असतं, पाऊस येतोय म्हणून. आबा नको म्हणाला. 'चारचौघांत फोन मला शिकवाया लागला तर मी कशाला हाय?' म्हणून नुसता रंग. फोन पटक्याच्या सोग्यात धरायचा, डोळ्याशी न्यायचा, बघायचं आणि खिशात टाकायचा. मग आभाळाकडं तोंड करून हिंमतरावाला सांगायचं, 'आज करा रास.'

तर ते पान असं आहे. फोटो नसलेलं, अक्षर नसलेलं. ते जगासाठी केलंच न्हाय. एका माणसासाठी केलंय. तुझी पोरं हसली तर हसू दे.

तुला दिसलं न्हाय, याचा मी तुला दोष देणार न्हाय असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण देतो. तू चांगला आहेस, मायचं सगळं करतोस, आबाच्या गुडघ्याचं तेल कधी संपू देत न्हाईस. पण कळपावर येतोस तवा तू मोटारसायकलवरून उतरत न्हाईस. गाडी चालू ठेवतोस, तेलाची बाटली देतोस, 'बरं हाय का' विचारतोस आणि वळवतोस. आबा तुझ्या गाडीच्या आवाजाकडं तोंड करून बोलतो. गाडी बंद करून एकदा गप्प उभा राहा त्याच्यासमोर. बघ तो कुणीकडं बघतो.

मला वाटतं मोतीबिंदू असावा. मी डॉक्टर न्हाय. सोलापूरला ने, दाखव. निघालाच तर काढता येतो म्हणतात. पण आधी व्यापाऱ्याला न्हाय म्हण, आणि ते आबाच्या समोर, त्याला ऐकू येईल असं म्हण. त्याशिवाय तो वाघराच्या बाहेर पाय ठेवणार न्हाय.

आता तू म्हणशील, 'एवढं कळतंय तर तूच ये. महिनाभर कळप सांभाळ, मी आबाला नेतो.'

येणार न्हाय.

मला भित्रा म्हण, बापाला विसरलेला म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पुण्यात टिकलो न्हाय, हैदराबादेत टिकलो न्हाय, कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून इथं आलो आणि ड्रायव्हर सोडून गेला म्हणून राहिलो. माझं बूड एका जागी टेकत न्हाय, हे गावभर ठाऊक आहे. पण कळपाला दुसरा माणूस पाहिजे होता तवा तू बारावीला होतास आणि मी सातवीला. कुणाची शाळा थांबवायची, यावर घरात चर्चासुद्धा झाली न्हाय. मला शाळा आवडत नव्हती, ते खरं. पण मला मेंढरं आवडतात का, हे पण कुणी विचारलं नव्हतं. ओठावर मिसरूड फुटेपर्यंत मी त्यांच्या मागं चाललो. माझ्या वाटणीचं चालून झालं, दादा. आता काठी हातात घेतली तर मला सोडवणार न्हाय, ते मला पक्कं ठाऊक आहे. आबा म्हणंल, राहा. आणि मी राहीन.

तुला उन्हाळी सुट्टी लागतीय. एक मेपासून शाळा उघडेपर्यंत तू मोकळा. वहिनी आणि माय आबाला सोलापूरला नेतील, वहिनींचं धाडस तुझ्यापेक्षा जास्त आहे, मी बघितलंय. तू कळपावर राहा. बजरंग सोबत आहे. गावात मास्तर म्हणून फिरतोस, धनगराचा म्हणून पण एकदा फिर. लोक हसतील. आबाला हसले तेवढे हसणार न्हाईत.

आणि तुला आभाळातलं काही कळत न्हाय. म्हणून पान बंद होणार न्हाय. आता त्याच्यात हिंमतरावाच्या विहिरीचेच आकडे आहेत, म्या रोज तपासतो. तुझ्यासाठी अक्षर पण घालून देईन, पाहिजे तर. पण नाव आबाचंच राहील.

कळपावर गेलास की पहिल्या सकाळी एकदम पुढं होऊ नको. मेंढरं तुला ओळखत न्हाईत, तू हाका मारून घसा बसवशील आणि ती जागची हलणार न्हाईत. आबाचं घोंगडं खांद्यावर टाक, न धुता. वाऱ्याच्या वरच्या अंगाला घटकाभर उभा राहा. मग न बोलता चालायला लाग आणि मागं वळून बघू नको. येतील.

हरकत असलेला,
तुझा भाऊ
मल्हार हरिबा